नळाला जड पाणी येतं? आधी मोजा, मग जिथे तापतं आणि सुकतं तिथे उपाय करा

शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली, कितीही साबण घासला तरी फेस नाही आणि गिझर चालू केला की आतून तडतड आवाज. एवढी लक्षणं एकत्र दिसली की पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पण ते किती जड आहे आणि त्यातला किती भाग उकळून जाण्यासारखा आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि उपाय ठरतो तो त्यावरच. बहुतेक घरांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. कुणीतरी येतं, पेल्यात मीटर बुडवून मोठा आकडा दाखवतं आणि अख्ख्या घरासाठी यंत्र बसवून जातं.

जड पाणी घरात सगळीकडे सारखं नडत नाही. ते नडतं तीन ठिकाणी: जिथे पाणी तापतं, जिथे ते सुकतं आणि जिथे त्यात साबण मिसळतो. फ्लशच्या टाकीत, मोरी धुताना किंवा पाय धुताना ते जड आहे की मऊ, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून सगळं पाणी मऊ करण्याच्या मागे लागण्याआधी या तीन जागा सांभाळाव्यात. तेवढ्यावर बऱ्याच घरांचं काम भागतं.

पाण्यात नेमकं काय असतं

पावसाचं पाणी मऊच असतं. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतल्या चुनखडी, डोलोमाइट, जिप्समसारख्या खडकांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलतं. खडकाशी संगत जितकी लांब, तितकं पाणी जड. त्यामुळे एकाच गावात नदीचं किंवा धरणाचं पाणी बरं आणि बोअरचं पाणी जड, असं सर्रास दिसतं. उन्हाळ्यात पुरवठा कमी पडला की दोन्ही एकत्र केली जातात आणि नळाच्या पाण्याचा स्वभाव महिन्याभरात बदलतो. पलीकडच्या आळीत काय अनुभव आला यावरून आपल्या घरचा निर्णय घेऊ नये, तो एवढ्यासाठीच.

जडपणा दोन प्रकारचा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात असतील तर तो तात्पुरता: पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, खाली बसते. तेच सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असतील तर जडपणा कायमचा. उकळून तो जात नाही.

प्रमाण किती असतं याचा अंदाज घ्या. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. रिपोर्टमध्ये ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलं असेल, तर १००० लिटरच्या टाकीतून दर वेळी ३०० ग्रॅम चुनखडीइतका माल घरात येतो. तो सगळा चिकटत नाही, बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. पण रोज टाकी रिकामी करणाऱ्या घरात महिन्याला नऊ किलो येतो, हे लक्षात घेतलं की गिझरच्या तळाशी साचणाऱ्या खपल्यांचं नवल वाटत नाही.

पहिली पायरी: मोजणी

सुरुवात घरगुती चाचणीने करा. तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी. तिसरीसाठी नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचं निवळ पाणी ओता. उकळताना जे आटलं तेवढं डिस्टिल्ड पाणी त्यात घाला. प्रत्येक बाटली निम्मी भरा. अंगाच्या साबणाचा कीस थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्याचे मोजून दहा-दहा थेंब तिन्हींत टाका आणि सारख्याच जोराने हलवा. डिटर्जंट किंवा शाम्पू इथे चालत नाही, त्याचा जड पाण्यातही फेस होतो. पहिल्या बाटलीत दह्याच्या पाण्यासारखं गढूळ आणि दुसरीत टिकणारा फेस दिसला, तर पाणी जड. तिसरीत फेस दुसरीच्या जवळ गेला तर जडपणा बराचसा तात्पुरता आहे, आणि पहिलीसारखीच दिसली तर कायमचा.

यानंतर आकडा हवा. पट्ट्या मिळतात, त्या ढोबळ अंदाज देतात. मला थेंब मोजायचा संच जास्त भरवशाचा वाटतो. ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे (पाण्याचा सामू ठरावीक ठेवणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकायचे, मग रंगाची चिमूट. जड पाणी द्राक्षाच्या रसासारखं तांबडं होतं. मग दुसऱ्या बाटलीतला ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून टाकणारं रसायन, थेंब-थेंब टाकत हलवत राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, मग तांबड्यात जांभळी छटा येते आणि त्यानंतरच्या एखाद-दोन थेंबांत पाणी स्वच्छ निळं होतं. तिथे थांबायचं आणि थेंबांची संख्या संचावरच्या तक्त्याशी जुळवायची. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो. निळ्यात तांबड्याचा मागमूस राहता कामा नये.

प्रयोगशाळेत नमुना देणार असाल तर नुसतं “पाणी तपासून द्या” म्हणू नका. एकूण जडपणा, कॅल्शियमचा जडपणा, एकूण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी) आणि टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) हे चार आकडे मागा. अल्कलिनिटी फार उपयोगी पडते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. अल्कलिनिटी जडपणापेक्षा कमी असेल, तर अल्कलिनिटीइतका जडपणा तात्पुरता आणि उरलेला कायमचा. ती जडपणाइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर सगळाच तात्पुरता. समजा जडपणा ४०० आणि अल्कलिनिटी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर (पुढचे आकडेही याच एककात): म्हणजे २५० तापवल्यावर थर धरणारा, आणि १५० उकळूनही तसाच राहणारा. बोअरचं पाणी पिण्यात असेल तर याच वेळी फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणीही करून घ्या. जडपणा डोळ्यांना दिसतो. ही तिन्ही दिसत नाहीत आणि चवीलाही कळत नाहीत.

आकडा आला की साधारण प्रतवारी अशी: ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड, १८० च्या पुढे फार जड. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत वेगळी एककं असतात. एक जर्मन डिग्री म्हणजे १७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर, एक फ्रेंच डिग्री म्हणजे १०, आणि एक ग्रेन प्रति गॅलन म्हणजे १७.१.

टीडीएस मीटरबद्दल स्पष्टच सांगायला हवं. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं, सोडाही आला. टीडीएस ९०० असून पाणी बेताचंच जड असू शकतं आणि ५०० असून भलतंच जड असू शकतं. ज्याने फक्त टीडीएस दाखवून सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, विकायला काढला, त्याच्याकडे जडपणाचा आकडा मागा.

मोजणी वर्षातून दोनदा करा: पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा. घरात दोन स्रोत असतील तर दोन्हींचे नमुने वेगळे.

जिथे पाणी तापतं: गिझर

कॅल्शियम कार्बोनेटची तऱ्हा साखर-मिठाच्या उलट आहे. पाणी गरम होईल तसं ते कमी विरघळतं. शिवाय तापताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. म्हणून थर सर्वात आधी धरतो तो घरातल्या सर्वात गरम पृष्ठभागावर, म्हणजे गिझरच्या एलिमेंटवर. साधारण ६० अंशांच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो.

थरामुळे वीजबिल प्रचंड वाढतं, असं सांगितलं जातं. विजेच्या गिझरबाबत ते अर्धंच खरं आहे. एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं. त्यात गेलेली वीज शेवटी पाण्यालाच तापवते, फक्त उशिरा. खरं नुकसान वेगळंच होतं. थर उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे एलिमेंट आतल्या आत जास्त तापतं, त्याचं आवरण तडकतं आणि ते जळतं. कधी आवरण तडकल्यावर विजेची गळतीही पाण्यात उतरते. गिझरच्या लाइनवर अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवंच, ते याचसाठी. टाकीत खपल्या साचल्या की पाणी मावायची जागाही कमी होते. गॅस गिझरचं गणित निराळं: तिथे थरामुळे उष्णता पाण्यात न शिरता धुराबरोबर बाहेर जाते, त्यामुळे इंधन खरोखरच वाया जातं. आणि ती तडतड? थराखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळून फुटतं, त्याचा तो आवाज.

पहिला उपाय फुकट आहे. थर्मोस्टॅट बघा. तो ७५-८० वर असेल तर ६० वर आणा. त्याहून फार खाली मात्र नेऊ नका; साठवलेलं पाणी कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात.

दुसरा उपाय म्हणजे ठरावीक काळाने साफसफाई. जडपणा ३०० च्या वर असेल तर वर्षातून एकदा, १५० ते ३०० असेल तर दोन वर्षांतून एकदा, असं माझं मत. हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्या, पण पायऱ्या स्वतःला ठाऊक असू द्या, म्हणजे वरवरची धुलाई करून कुणी निघून जाणार नाही.

१. नुसतं बटण नाही, गिझरचा एमसीबी खाली करा. पाणी पूर्ण गार होऊ द्या.

२. आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, आणि टाकी रिकामी करा.

३. खालची प्लेट उघडून एलिमेंट बाहेर काढायला लावा. तळाच्या खपल्या हाताने किंवा लाकडी पट्टीने काढा. टोकदार लोखंड आत घातलं तर टाकीचं अस्तर दुखावतं आणि तिथून गंज सुरू होतो.

४. एलिमेंटचा तापणारा भागच द्रावणात बुडवा, वायर जोडण्याची टोकं कोरडी ठेवा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. एवढं द्रावण साधारण ३५ ग्रॅम थर खाऊ शकतं. बुडबुडे थांबले आणि थर अजून उरला असेल, तर द्रावण संपलंय, नवीन करा. ते उकळू नका. गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन नवाच पांढरा थर बसतो. ताज्या द्रावणातही बुडबुडे आलेच नाहीत, तर तो थर जिप्समचा किंवा सिलिकाचा असू शकतो. तो आम्लाने जात नाही, हलक्या हाताने सोलावा लागतो.

५. एलिमेंटशेजारी मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याला ॲनोड म्हणतात. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. गिझरची टाकी फुटून जाण्यामागे बऱ्याचदा हा कधीच न बदललेला दांडा असतो.

६. गॅस्केट नवीन घाला. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटतं का बघा. थरामुळे हा व्हॉल्व्ह चिकटला तर वाढलेल्या दाबाला वाट उरत नाही. त्यातून पाणी ठिबकतं म्हणून त्याचं तोंड कधीच बंद करू नका.

७. पाणी सोडा, गरम पाण्याच्या नळातून सलग धार येऊ द्या आणि त्यानंतरच वीज सुरू करा. कोरडं एलिमेंट चालू झालं तर काही क्षणांत जळतं.

इन्स्टंट गिझर लहान आणि त्याच्या आतल्या वाटा अरुंद, त्यामुळे धार बारीक होणं हाच त्याचा इशारा. सोलर हीटरच्या नळ्यांतही थर धरतो. फार जड पाण्यासाठी घ्यायचा असेल तर घरचं पाणी थेट न तापवता मधल्या द्रवातून उष्णता देणारा प्रकार विचारा. इस्त्रीच्या स्टीमसाठी डिस्टिल्ड पाणीच वापरा. किटलीला वरचंच द्रावण अर्धा तास पुरतं, मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून द्या.

जिथे पाणी सुकतं: नळ, शॉवर, काच, कूलर

थेंब सुकला की पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. यावरचा सर्वात चांगला उपाय म्हणजे थेंब सुकूच न देणं. अंघोळ झाल्यावर काचेवरून आणि टाइल्सवरून वायपर फिरवायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्याने जे साधतं ते महिन्यातून एकदा घासून साधत नाही.

नळाच्या तोंडाची जाळी हाताने किंवा पान्याने उघडते. पान्याखाली फडकं धरा म्हणजे क्रोमवर ओरखडे पडणार नाहीत. जाळी आणि शॉवरची चकती व्हिनेगरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, उलटी धरून धुवा. शॉवर निघत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन ती त्याच्या तोंडाला बांधा. रात्रभर ठेवू नका. जास्त वेळ आम्लात राहिलेला क्रोम काळवंडतो. ५ टक्क्यांचं एक लिटर व्हिनेगर फार तर ४० ग्रॅम थर विरघळवतं, म्हणून जाड खपली आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उडवा आणि मग आम्लाकडे वळा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, एकामागोमाग एकही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. दुसरं, संगमरवर आणि चुनखडीच्या फरशीवर कुठलंच आम्ल नको, लिंबूसुद्धा नको. थर आणि दगड एकाच पदार्थाचे. आम्ल दोन्ही खातं आणि चकाकी कायमची जाते. बाथरूमसाठी मिळणाऱ्या तीव्र ॲसिडच्या बाटलीने डाग झटकन जातो खरा, पण स्टील, क्रोम आणि टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही त्याबरोबर जातं. मी ते घरात ठेवत नाही.

कूलरमध्ये दिवसभर पाणी उडतं आणि क्षार मागे साठत जातात. वर नुसती भर घालत राहिलं तर टाकीतलं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट जड होतं आणि पॅड दगडासारखे कडक होतात. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून मग भरा.

जिथे साबण मिसळतो: धुणं आणि अंघोळ

साबणाचा कॅल्शियमशी संबंध आला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला राखाडी वलय दिसतं, ते हेच. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं संपेपर्यंत फेस येत नाही. हिशेब करून बघितला तर ३०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीत सुमारे ३५ ग्रॅम साबण फेस यायच्या आधीच वाया जातो. लहान वडीचा चांगला मोठा तुकडा झाला हा! आणि तो नुसता वाया जात नाही, कपड्याच्या धाग्यांत अडकून बसतो. पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल खरबरीत होतात.

हाताने धुत असाल तर साबण पाण्यात घालण्याआधी पाण्यालाच मऊ करा. त्यासाठी धुण्याचा सोडा पुरतो. २० लिटर पाण्याला, जडपणा ३०० असेल तर, कोरड्या पूडसोड्याचे सहा-सात ग्रॅम; खड्याचा सोडा असेल तर १७-१८ ग्रॅम, कारण खड्यांत वजनाने निम्म्याहून जास्त पाणीच असतं. सोडा ढवळा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग साबण घाला. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नका, हातात मोजे घाला. खाण्याचा सोडा हे काम करत नाही.

मशीनच्या पावडरीत जडपणा बांधणारी द्रव्यं मुळातच असतात, पण ती ठरावीक जडपणापुरती. पाकिटावर जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असतं, ते वापरा. त्याहून जास्त टाकलं तर ती कपड्यांतच उरते. पाण्याचं तापमान ४० च्या आत ठेवलं तर मशीनच्या हीटरवर थर कमी धरतो. दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ४० अंशांवर एक फेरी आणि त्यानंतर साध्या पाण्याची एक फेरी काढा. मागच्या पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी त्याच दिवशी धुवा. पाणी भरायला वेळ लागतो अशी तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते. डिशवॉशर असेल तर त्याच्या पोटातच छोटा सॉफ्टनर असतो. त्यात मीठ आहे का आणि जडपणाची सेटिंग आपल्या आकड्याशी जुळते का, हे बघा. अनेक घरांत ती पहिल्या दिवसापासून तशीच राहिलेली असते.

अंगावर आणि केसांवर हाच साका बसतो. केसांना साबण न लावता शाम्पू वापरा, त्यातही ईडीटीए असलेला बरा. शेवटचा एखादा तांब्या उकळून निवळलेल्या किंवा पावसाच्या पाण्याचा घेतला तर फरक लगेच जाणवतो. त्वचा कोरडी पडत असेल तर साबण कमी करा, तो नीट धुवून काढा आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. लहान मुलांच्या इसबावर सॉफ्टनर हा इलाज म्हणून सुचवला जातो. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीपासून इसब असलेल्या मुलांना सॉफ्टनरमुळे जास्तीचा फायदा झाल्याचं दिसलं नाही. तो पैसा आणि वेळ त्वचेच्या डॉक्टरकडे गेलेला बरा.

पिणं आणि स्वयंपाक

जडपणामुळे पाणी पिण्यास अपायकारक ठरतं, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मूतखड्याची भीती घराघरांत आहे, पण जड पाण्यानेच खडा होतो हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि कमी पाणी पिणं हे खड्याचं पक्कं कारण आहे. ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना पाण्याचा रिपोर्ट दाखवावा. चिंता करायची ती फ्लोराइड आणि नायट्रेटची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरला अनुक्रमे १.५ आणि ५० मिलिग्रॅम आहेत. त्या ओलांडल्या असतील तर पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त जडपणाच्या आधी करा. उकळून ही दोन्ही जात नाहीत.

कडधान्यं जड पाण्यात शिजायला वेळ घेतात, कारण कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. भिजवायला आणि शिजवायला उकळून निवळलेलं पाणी घेतलं तर काम होतं, अर्थात जडपणा तात्पुरता असेल तर.

आरओ घ्यायचा तर पिण्यापुरताच. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात: ४०० जडपणाचं निम्मं पाणी बाहेर टाकलं जात असेल, तर ते जवळजवळ ८०० जडपणाचं असतं. ते फ्लशला वापरा. झाडांना, कूलरला किंवा गाडी धुवायला वापरू नका.

सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर

जडपणा ३०० च्या पुढे असेल, घरात माणसं जास्त असतील आणि गिझर-मशीन दोन्ही रोज चालत असतील, तर सॉफ्टनर उपयोगी पडतो. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा ताजे करायचे. त्यामुळे सॉफ्टनरनंतर टीडीएस कमी होत नाही. तो चालतोय की नाही हे थेंबांच्या संचानेच बघायचं.

आकार आपला आपण काढा. समजा अंघोळ आणि धुण्याला रोज ३०० लिटर पाणी लागतं आणि जडपणा ४०० आहे. रोजचा भार १२० ग्रॅम. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे १० लिटर रेझिन चारेक दिवस पुरेल. प्रत्येक वेळी रेझिन ताजं करायला एक ते दीड किलो मीठ जाईल. हा हिशेब विक्रेत्यापुढे मांडा. त्याला तो करता येत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

जोडणी मुख्य पाइपवर न करता गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर करा. स्वयंपाकघराचा पिण्याचा नळ आणि बागेचा नळ वेगळे ठेवा. काढलेल्या दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. ४०० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरला १८४ मिलिग्रॅम. रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाने आणि बाळाच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये. झाडांची मातीही त्याने बिघडते. बायपास कॉक मागून घ्या आणि जडपणा शून्यावर न नेता ६०-८० ठेवा: ४०० च्या पाण्यात एक भाग मूळ आणि चार भाग मऊ मिसळलं की ८० येतं. अगदी शून्य जडपणाचं पाणी धातूच्या नळ्यांना जास्त खातं आणि साबण अंगावरून सुटतच नाही असं वाटतं. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढायला हवं, नाहीतर मणी गंजाने माखतात.

चुंबक किंवा तारांचं वेटोळं पाइपला बांधून पाणी मऊ होतं असा दावा ऐकू येतो. त्यातून कॅल्शियम बाहेर पडत नाही आणि थेंबांच्या चाचणीत आकडा तोच येतो. असल्या उपकरणांच्या परिणामाचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. मी त्यावर पैसे घालणार नाही. पॉलीफॉस्फेटच्या काड्यांचं तसं नाही. त्या जडपणा काढत नाहीत, पण गिझरच्या आधी बसवल्या तर बेताच्या तापमानाला थर धरू देत नाहीत. संपल्या की बदलाव्या लागतात. तुरटी, कोळशाचा फिल्टर, यूव्ही यांचा जडपणाशी काही संबंध नाही.

सगळ्या गावाचं पाणी जड असेल तर ते पुरवठ्याच्या ठिकाणीच मऊ करता येतं. मोजून चुन्याची निवळी घातली की तात्पुरता जडपणा गाळ होऊन खाली बसतो. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये या रीतीचं पेटंट घेतलं होतं. घरच्या टाकीत हा प्रयोग करू नका. माप चुकलं तर पाणी फार अल्कधर्मी होतं आणि उलट जास्त जडही होतं. पण दोन-तीन वर्षांचे, दोन्ही ऋतूंतले आकडे वहीत मांडलेले असतील, तर पाणीपुरवठा विभागाकडे अर्ज करताना ते जोडा. “पाणी खराब आहे” या तक्रारीला उत्तर देणं टाळता येतं. तारीख, नळाची जागा आणि प्रयोगशाळेचा आकडा समोर असला की ते अवघड जातं. आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात नमुने दिले तर कुठल्या लाइनमध्ये बोअरचं पाणी मिसळतं, तेही त्यातून कळतं.